दोरवाल्यांच्या गल्लीखाली

गवंडी घरातून निघायचा तो ओहोटीच्या वेळेवर. ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, तसं त्याचं उठणं, आंघोळ, चहा सगळंच पुढे सरकायचं आणि पंधरवड्याने पुन्हा मूळ जागी यायचं. तीस वर्षं संसार करून बायकोलाही त्याची सवय झाली होती. "आमच्या घरात घड्याळ भिंतीवर नाही, समुद्रात आहे," असं ती शेजारणींना सांगायची.

बेट एवढंसं. तटाच्या आतून चालत निघालं की चाळीस मिनिटांत माणूस पुन्हा होता तिथे. मोटारी नाहीत, कारण गल्ल्यांतून दोन हातगाड्याही एकमेकींना धडपणे ओलांडू शकत नाहीत. सकाळच्या पहिल्या बोटीने दूध, वर्तमानपत्रं आणि भाजी यायची, दुसऱ्या बोटीने छत्र्या नि कॅमेरे घेतलेले पाहुणे. ते बुरुजावर चढायचे, गंजक्या तोफांना हात लावायचे, अरुंद जिन्यांचे फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या बोटीने परत जायचे. काही जण राहायचे. गावाचं पोट बरंचसं त्यांच्यावरच होतं.

आणि गाव उभं होतं ते तटाच्या आधाराने. समुद्राकडच्या घरांनी तर तटालाच पाठ टेकलेली. तट म्हणजे अकरा फूट जाडीचा. बाहेरून घडीव दगड, आतून घडीव दगड, मध्ये चुना-मुरमाचा भराव. तो राखायचं काम गवंड्याच्या घरात आजोबांपासून होतं. ओहोटीला पाणी हटलं की तो बाहेरच्या बाजूने कातळावरून चालत निघायचा. हातात बारकी हातोडी, खिशात खडू. दगडावर टिचकी मारल्यासारखा ठोका द्यायचा आणि ऐकायचं. भरीव दगड 'टण्' म्हणतो. मागचा भराव सुटला असेल तर 'बद्द' आवाज येतो, ओल्या लाकडावर मारल्यासारखा. बापाने त्याला हेच शिकवलं होतं: डोळ्यांवर जाऊ नकोस, डोळ्यांना सगळा तट छानच दिसतो.

मागच्या हिवाळ्यापासून गवंड्याचा उजवा कान गेला होता.

एकदम नव्हे. आधी कुणीतरी कापूस कोंबल्यासारखं वाटलं. मग एके सकाळी बोटीचा भोंगा धक्क्याकडून यायचा तो बुरुजाकडून आल्यासारखा वाटला आणि तो तिकडे बघत उभा राहिला. बायकोला कळायला वेळ लागला नाही. ती उजव्या अंगाला बसून काही बोलली की हा नुसता हसायचा.

"दाखवून घ्या डॉक्टरला," ती म्हणाली.

"बघू."

"बघू नाही. ऐकायचं आहे."

पण डॉक्टर पलीकडच्या शहरात, आणि तो काही बोटीत बसला नाही. डॉक्टर कागदावर लिहून देणार, कागद नगर कचेरीत जाणार आणि बहिऱ्या माणसाला तट ऐकायच्या कामावर कोण ठेवणार? डावा कान ठणठणीत आहे, असं तो स्वतःला बजावायचा. मान वळवून डावा कान दगडाकडे करायची सवय त्याने लावून घेतली. कुणी विचारलं तर मान अवघडली आहे म्हणायचा.

अशात एका मंगळवारी, सकाळी सव्वासातच्या सुमाराला, तो दोरवाल्यांच्या गल्लीखाली पोचला. पूर्वी तिथे जहाजांचे दोर वळायचे, म्हणून ते नाव. आता सहा घरं होती. शेवटचं, तटाला अगदी चिकटलेलं, स्वयंपाकघर तर तटावरच बांधलेलं, त्याच्या थोरल्या बहिणीचं. ती आणि तिचा नवरा तिथे पाहुण्यांना खोल्या द्यायचे. ओहोटी त्या दिवसांत अर्धवट होती, घोट्याभर पाण्यातून चालावं लागत होतं. गुडघ्याच्या उंचीच्या एका मोठ्या दगडावर त्याने हातोडी मारली.

कानाला काही वेगळं लागलं नाही. पण हाताला लागलं. हातोडी दगडावरून उसळून परत यायला हवी, ती आली नाही. दगडाने ठोका गिळून टाकला.

त्याने मान वळवली, पुन्हा मारली. 'बद्द'. तिसऱ्यांदा मारली, तर 'टण्' आल्यासारखं वाटलं. चौथ्यांदा काहीच कळेना. लाटेचा आवाज, वाऱ्याचा आवाज आणि उजव्या कानातली ती कायमची गुणगुण सगळं एकात एक मिसळलं. वर बघितलं तर बहिणीच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि भांड्यांची हालचाल दिसत होती.

वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण पुढच्या बुधवारी सकाळी होतं. आठ दिवस.

तो थेट नगर कचेरीत गेला. तिथे इंजिनिअर म्हणून एक तरुण बाई वर्षापूर्वी पलीकडच्या शहरातून आल्या होत्या. गाव त्यांना मॅडम म्हणायचं. सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की या काही टिकायच्या नाहीत, पण त्या टिकल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, बूट काढून ठेवले आणि पाणी चढायच्या आत त्याच्याबरोबर कातळावर आल्या. स्वतः हातोडी मारून बघितली. मग कचेरीत परत येऊन जुने नकाशे पसरले.

"नकाशात इथे भरीव आहे. कुठे विहीर नाही, भुयार नाही," त्या म्हणाल्या. "मला आवाजातला फरक कळला नाही, पण मला कळणारही नाही. तपासायचं यंत्र मागवता येईल. दोन महिने लागतील."

"दोन महिने?"

"काका, मी अर्ज आज करते. पण तोवर दगडाला हात लावता येणार नाही. पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी नसताना एक दगड हलवला तरी गुन्हा आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे." त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "एक करता येईल. तुम्ही लेखी द्या, की मागे पोकळी आहे, माझी खात्री आहे. तुमच्या सहीवर मी आज संध्याकाळपर्यंत गल्ली रिकामी करते. तुमची खात्री आहे ना?"

गवंड्याने ठोके आठवून पाहिले. चार ठोके, चार आवाज. ऐन हंगामात सहा घरं रिकामी करायची, त्यात बहिणीचं घर, आणि ते कशाच्या जोरावर, तर एका कानाच्या.

"बघून सांगतो," तो म्हणाला.

मॅडमनी कोरा कागद परत ओढून घेतला. "बरं," एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन तो जेवला नाही. बायकोने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा समोर येऊन बसली, डाव्या बाजूला. त्याने सगळं सांगितलं.

"मग दिलं का नाही लिहून?"

"काय लिहू? मला ऐकू आलं म्हणून? अर्धं आलं, अर्धं नाही. उद्या काहीच निघालं नाही तर?"

"आणि निघालं तर?"

ती उठली. मग म्हणाली, "उद्या मी येते."

गावात तिच्या कानांची ख्याती होती. टेलिफोन एक्स्चेंज बंद होईपर्यंत बावीस वर्षं ती तिथे ऑपरेटर होती. पलीकडच्या माणसाने नुसता श्वास घेतला तरी कोण ते ती सांगायची. लोक तिला थोडं टरकूनच असत, कारण कुणाच्या घरात कुणाशी अबोला आहे हे तिला नुसत्या 'हॅलो'वरून कळायचं. पण या कानाचं त्या कानाला तिने कधी कळू दिलं नव्हतं.

बुधवारी आठच्या सुमाराला दोघं कातळावर उतरली. तिने कपडे गुडघ्यापर्यंत वर खोचले, गार पाण्यात उभी राहिली आणि दगडाला कान लावला. "मारा," म्हणाली. त्याने शेजारच्या भरीव दगडावर मारलं. मग खालच्या, वरच्या, आणि शेवटी त्या दगडावर. ती डोळे मिटून होती.

"आता मारू नका. थांबा."

तिने हाताने त्याला गप्प केलं. तो श्वास रोखून उभा. एक लाट आली, गेली.

"आत पाणी हलतंय," ती म्हणाली.

"लाटेचं असेल."

"लाट गेली की मग हलतंय. उशिराने. बादली उचलून ठेवली की डचमळते तसं." तिने कान काढला. गालावर दगडाचे वळ उठले होते. "आणि बादली लहान नाही. माणूस मावेल एवढी आहे."

गवंड्याने दगडावर पूर्ण तळहात टेकवला. भराव नुसता सुटला नव्हता, वाहून गेला होता. बाहेरचे दगड केवळ एकमेकांच्या भरवशावर उभे होते आणि वर बहिणीचं स्वयंपाकघर.

दोघं तशीच ओल्या पायांनी वर गल्लीत गेली. बहिणीने दार उघडलं. तिचा नवरा आत पाहुण्यांची नोंदवही घेऊन बसला होता. उंच, देखणा, बोलण्यात पटाईत माणूस. दोन वर्षांपूर्वी त्याने मागच्या बाजूला तीन नव्या खोल्या नि तीन न्हाणीघरं बांधली होती. ते काम त्याने मेहुण्याला न देता पलीकडच्या माणसांकडून करून घेतलं होतं, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं जेवढ्यास तेवढं होतं.

"भाऊजी, आठवडाभर घर सोडा," गवंडी म्हणाला. "खाली पोकळ आहे."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगतोय."

"तू?" भाऊजींनी वही मिटली. "सहा महिने झाले, तुला हाक मारली तर तू भलतीकडे बघतोस. आम्हाला दिसत नाही असं वाटतं का तुला? बहिऱ्याने ऐकलं म्हणून मी आलेले पाहुणे रस्त्यावर काढू?"

बहीण मान खाली घालून उभी राहिली. म्हणजे तिलाही माहीत होतं. पुढच्या खोलीतून दोन पाहुणे डोकावून गेले.

"यांनी नाही ऐकलं, मी ऐकलं," बायको शांतपणे म्हणाली. "वन्सं, तुम्ही तरी ऐका. निदान स्वयंपाकघरात निजू-बसू नका."

"स्वयंपाकघरात काही होत नाही," भाऊजी पटकन म्हणाले. "चांगलं पक्कं काम आहे. खालून पाइपसुद्धा..." आणि ते थांबले. "जा आता. मला कामं आहेत."

गल्लीतून परतताना बायको म्हणाली, "घाबरलेत ते."

"चिडलेत."

"आवाज घाबरलेल्याचा होता."

बुधवार गेला, गुरुवार गेला. गावात बातमी फुटली होतीच. गवंडी बहिरा झालाय, आणि बायकोच्या कानाने तट तपासतोय. चहाच्या दुकानात कुणी म्हणालं, आता नगर कचेरीने तिलाच हातोडी द्यावी. लोक हसले. पण दोरवाल्यांच्या गल्लीतल्या एका घराने मुलंबाळं हळूच वरच्या आळीत हलवली, हेही कुणाच्या नजरेतून सुटलं नाही. गवंडी रोज ओहोटीला त्या दगडापाशी जात होता. गुरुवारी दगडाच्या खालच्या सांध्यातून बोटभर वाळू बाहेर आलेली दिसली. शुक्रवारी ओंजळभर. बारीक, पिवळी, भरावातली वाळू.

शुक्रवारी त्याने हिशेब मांडला. शनिवारी ओहोटी दहा चाळीसची. साडेआठला दगडाचा पाया मोकळा होईल, एकच्या पुढे पाणी परत येईल. मधले साडेचार तास. रविवारपासून भरती रोज चढत जाणार; त्याआधी सिमेंट धरलं नाही तर मग कशाचाच उपयोग नाही.

शनिवारी सकाळी त्याने एका कागदावर लिहिलं: 'दोरवाल्यांच्या गल्लीखाली पोकळी आहे. माझी खात्री आहे. माझा उजवा कान निकामी आहे. पोकळी माझ्या बायकोने ऐकली. आज मी दगड काढत आहे. जबाबदारी माझी.' खाली सही केली, खाली बायकोनेही केली. कागद मॅडमच्या दाराखालून सरकवला आणि दोघं पहार, छिन्न्या, लाकडी पाचरी, दोर आणि विजेरी घेऊन उतरली.

सांध्यांतला चुना इतका मेला होता की छिन्नी लोण्यात शिरल्यासारखी गेली. त्यामुळेच तो जास्त घाबरला. तासाभरात दगड चारही बाजूंनी सुटा झाला. पहारीने रेटताच फटीतून करंगळीएवढी धार लागली, मग मनगटाएवढी. मागचं साचलेलं पाणी होतं ते. दोघं बाजूला झाली. पाणी गढूळ, आणि त्याला साबणाचा वास.

"काका, थांबा."

मॅडम कातळावरून धावत येत होत्या, हातात तो कागद. धापा टाकत म्हणाल्या, "हे काय केलंत? मला पोलिसांना बोलवावं लागेल."

"बोलवा," गवंडी म्हणाला. "आधी आत बघा."

दगड तिघांनी मिळून ओढून काढला. मॅडमनी विजेरी घेऊन डोकं आत घातलं. आत फेरीबोटीच्या केबिनएवढी पोकळी होती. वरून ओला मुरूम थोडा थोडा गळत होता. छताला, म्हणजे बहिणीच्या स्वयंपाकघराच्या जमिनीला, आधार म्हणून दोन जुने दगड कसेबसे अडकून होते. आणि मागच्या कोपऱ्यात वरून एक निळा प्लास्टिकचा पाइप लोंबत होता, तुटका, ठिबकणारा.

मॅडमनी डोकं बाहेर काढलं आणि पहिल्यांदा घड्याळ बघितलं. "दहा वाजून पाच. एकपर्यंत?"

"एकपर्यंत. भरायला लागेल आणि दगड परत बसवायला लागेल. उघडं राहिलं तर पहिल्याच भरतीला जाईल."

"मी गल्ली रिकामी करते. तुम्हाला काय काय हवं?"

"दगड. पिशव्यांत वाळू. लवकर बसणारं सिमेंट धक्क्याच्या गोदामात आहे. आणि माणसं."

पोलिसांचं नाव पुन्हा निघालं नाही.

माणसं येत होती, पण आधी भाऊजी आले. तटाच्या पायऱ्यांवरूनच त्यांचा आवाज लागला होता. गवंड्यावर खटला करू, त्याने तट फोडला, माझं घर पाडायला निघालाय. मागे लोक गोळा झाले. गवंडी बाजूला झाला आणि विजेरी पुढे केली. "भाऊजी, आत बघा."

ते वाकले. खांदे आत गेले. बाहेरच्यांना त्यांची नुसती पाठ दिसत होती. नव्या न्हाणीघरांचं सांडपाणी गटारापर्यंत न्यायचं सोडून पलीकडच्या माणसांनी ते तटाच्या पोटातच सोडून दिलं होतं, आणि दोन वर्षं ते रोज थोडा थोडा भराव धुऊन नेत होतं. भाऊजींना तेव्हाच ते माहीत होतं की नंतर कळलं, हे त्यांचं त्यांना ठाऊक. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत मुरूम होता. कुणाकडेही न बघता ते पायऱ्या चढून गेले.

पंधरा मिनिटांनी वरून पहिला दगड आला. भाऊजींनी आपल्या अंगणातली फरशी उखडायला घेतली होती. पाहुणे जिथे सकाळी खुर्च्या टाकून बसायचे तीच. एक एक दगड पायऱ्यांवरून, हातोहात, कातळापर्यंत. धक्क्यावरच्या हमालांनी सिमेंटच्या गोण्या आणल्या, चहावाल्याने दुकानाची बाकडी टेकू म्हणून पाठवली, दोन पाहुण्यांनीही हात लावला.

रचायला मात्र आत कुणीतरी शिरायला हवं होतं, आणि ते काम एकालाच येत होतं. भोक एवढं की एक माणूस सरपटत जाईल. मॅडम म्हणाल्या, "मी हो म्हणू शकत नाही."

"म्हणू नका," गवंडी म्हणाला.

बायकोने त्याच्या घोट्याला दोर बांधला. "आत तुम्हाला माझी हाक कळणार नाही," ती म्हणाली. "दगडावर हातोडी मारीन. एक ठोका म्हणजे ठीक. तीन म्हणजे बाहेर. हात भिंतीला ठेवत जा."

आत काळोख आणि थंड. विजेरीच्या उजेडात तो आधी छताखाली बाकड्यांचे टेकू लावू लागला. मग मागच्या भिंतीपासून दगड रचत पुढे. दगड आत ढकलले जायचे, तो ओढून घ्यायचा, बसवायचा, फटीत सिमेंट दाबायचा. बाहेरचे आवाज एकाच बाजूने, एकाच गोधडीआडून आल्यासारखे. वरून माती मानेवर पडत होती. अधूनमधून तो डावा हात दगडावर ठेवायचा आणि तळव्याला एक ठोका जाणवायचा. ठीक. किती वेळ गेला कळत नव्हतं. खांदे भरून आले. एकदा छताचा एक दगड हातभर खाली घसरला आणि टेकूवर अडकला. तो तसाच दोन मिनिटं निपचित पडून राहिला, मग पुन्हा कामाला लागला.

पोकळी तीन हिस्से भरली तेव्हा कोपराला पाणी लागलं. त्याने हात टेकवला. तीन ठोके.

समोर घसरलेल्या दगडाखाली अजून एक आधार द्यायचा राहिला होता. तो नसेल तर वरचं सगळं ओझं बाकड्यांवर, आणि ओलं लाकूड किती तग धरणार? त्याने दगड ओढला. तीन ठोके. जोरात. त्याने दगड उभा केला, तिरका गेला, पुन्हा उभा केला. पाणी आता छातीखाली होतं. पाचर हाताला लागेना. तळव्यातला ठोका आता थांबतच नव्हता, एकामागे एक, एकामागे एक. पाचर सापडली. हातोडीला जागा नव्हती, त्याने ती दगडाच्या तुकड्याने ठोकली. बसली.

तेवढ्यात पायाला हिसका बसला. बायको, मॅडम आणि भाऊजी असे तिघं दोर ओढत होते. तो पाठीची सालटी काढत बाहेर आला. बायकोने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दगड," एवढंच म्हणाली.

राहिलेल्या जागेत पिशव्या कोंबून कंबरभर पाण्यात आठ जणांनी तो मोठा दगड उचलला. पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदा बसला. गवंड्याने चारी बाजूंनी पाचरी मारल्या, लाट तोंडावर येत होती, भाऊजी मागून त्याची कंबर धरून उभे होते. शेवटची पाचर मारून झाली तेव्हा दगड पाण्याखाली गेला होता.

मग सुरू झाले चार दिवस, ज्यांत करण्यासारखं काहीच नव्हतं. गल्ली रिकामी. बहीण आणि भाऊजी गवंड्याच्या दोन खोल्यांत राहायला आले. चौघांनी एकत्र जेवायचं आणि भरतीच्या वेळेला एकमेकांकडे बघायचं नाही. गवंडी तटावर जायचा, वरून वाकून बघायचा, परत यायचा. सिमेंट पाण्याखाली किती धरलं असेल हे सांगायला कुठलाच कान उपयोगाचा नव्हता.

बुधवारी सकाळी सातला सगळं गाव बुरुजाखालच्या चढावर उभं होतं. वारा समुद्राकडून. पाणी तटाच्या निम्म्यावर आलं, मग वर. प्रत्येक लाट आपटली की पायांखाली जाणवायची. पावणेआठला एक लाट तटावरून गल्लीत उडाली, आणि तिच्या पाठोपाठ आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. बायकोने गवंड्याचा दंड धरला.

"काय होतं?" त्याने विचारलं.

"टेकू. लाकूड." ती ऐकत राहिली. लोक तिच्याकडे बघत होते. "दगड नाही."

साडेआठला पाणी उतरायला लागलं. तट उभा होता. दुपारी आत जाऊन बघितलं तर बहिणीच्या स्वयंपाकघराची जमीन एका कोपऱ्यात वीतभर खचली होती आणि भिंतीला उभी भेग गेली होती. बाकी सगळं जागच्या जागी.

तीन आठवड्यांनी पुरातत्त्व खात्याचे दोन अधिकारी चौकशीला आले. गवंड्याने दगड काढल्याचं कबूल केलं, कानाचंही. पोकळी कशाने झाली, असं विचारलं तेव्हा त्याने मान वर केली. समोर बहीण बसली होती. पण तेवढ्यात भाऊजीच उठले. "पाइप माझा होता," ते म्हणाले. "लिहून घ्या." त्यांचा आवाज फारसा वर नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू आला. न्हाणीघरं पाडायचा हुकूम निघाला.

गवंड्यावर खटला झाला नाही. मॅडमनी त्या शनिवारी आपणच परवानगी दिली होती असं लेखी दिलं आणि त्यापायी त्यांची बढती अडली. पण काम गेलं. कान नसलेल्या माणसाला तटावर ठेवता येत नाही, हे त्यांनाच येऊन सांगावं लागलं. त्या सांगत असताना बायको म्हणाली, "मॅडम, डावीकडून बोला, म्हणजे एकदाच सांगावं लागेल." मॅडम उठून डावीकडे बसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. यंत्र आलं, त्याने तटात आणखी दोन पोकळ्या दाखवल्या. त्या भरायला पलीकडून माणसं आली. गवंडी दोन-तीन महिने ओहोटीच्या वेळेला उठायचा आणि मग घरातच बसून राहायचा. तेव्हा त्याच्याशी कुणी बोललेलं त्याला आवडत नसे.

हंगाम संपल्यावर त्याने बहिणीचं स्वयंपाकघर हातात घेतलं. अकरा दिवस लागले. खचलेला कोपरा खालपासून भरून आणला, भेग शिवली, जमीन नव्याने घातली. चुना कालवायला नि घमेली उचलायला भाऊजी होते. त्यांना ते काम अजिबात जमत नव्हतं, पण ते रोज वेळेवर हजर असायचे. शेवटच्या दिवशी गवंड्याने थापी धुतली आणि बहिणीला म्हणाला, "दोन दिवस पाय ठेवायचा नाही."

"मग जेवायचं कुठे?"

"बाहेर."

त्या दुपारी चौघंही बोळात, पायऱ्यांवर ताटं घेऊन जेवायला बसली. भाऊजी त्याच्या डावीकडची पायरी झाडून बसले आणि अमुक सिमेंट बरं की चुना, असं काहीबाही विचारत राहिले. गवंड्याने एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं.